एल.सी. सारांचं लाल कार्ड

सोमवार, १९ जानेवारी १९९८. हजर: एल.सी. सार, मुरुगेसन, सेल्वी, मी. गैरहजर: कोणी नाही. वीज: हजर. यूपीएस: हजर, पण भरवसा नाही.

ही हजेरी मी आज गंमत म्हणून लिहिलेली नाही. तंजावरच्या आमच्या ऑफिसात रोज सकाळी ती अशीच मोठ्याने घेतली जायची आणि मी ती टिपून ठेवायची. चार माणसांच्या ऑफिसात हजेरी कशाला, मान वळवली की सगळे दिसतात, असं मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. तेव्हा सार म्हणाले, "दिसतें म्हणून आहे, दिसत नाहीं म्हणून नाहीं, असें असतें काय बाई? तारेंत वीज दिसते?" दुसऱ्या दिवशी मी हजेरीसाठी वही आणली.

ऑफिस दक्षिण वीथीत, पितळी भांड्यांच्या एका दुकानावर होतं. खाली दिवसभर ठोकाठोक, वर दोन खोल्या. आतल्या खोलीत एसी, आणि एसीत यंत्रं. मालक चेन्नईला असत आणि फोनवरून ऑफिस चालवत. मुरुगेसन प्रोग्रॅमर, सेल्वी टायपिस्ट, मी सगळं वेळेवर होतं की नाही हे बघणारी. आणि सार. त्यांना आम्ही लेखनासाठी ठेवलं होतं, कारण त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि निवृत्त माणसाला पगार कमी लागतो, असं मालकांचं म्हणणं.

निवृत्त होण्याआधी ते एका सूतगिरणीच्या वीजघरात होते. कुठल्या गिरणीच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. ते आमच्यातलेच, म्हणजे सरफोजीराजांच्या काळाआधीपासून इथे राहिलेल्या मराठी घरातले. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. मला येते ती आई साताऱ्याची म्हणून. त्यांची मराठी जुनी, हेल तमिळ, आणि मध्येच रागावले की इंग्रजी.

एल.सी. ही त्यांच्या नावाची आद्याक्षरं नव्हेत. वीजघरात लाइन क्लिअर नावाची एक पद्धत असते. तारेवर काम करायला माणूस वर चढायचा असेल तर तो आधी वीजघरातून लाइन क्लिअर घेतो, म्हणजे त्या तारेची वीज त्याच्या नावावर बंद होते. काम संपवून तोच माणूस, स्वतः, खाली येऊन ती परत करतो. त्याच्या भावाने, साहेबाने, मंत्र्याने आणून दिली तरी घ्यायची नाही. सारांच्या गिरणीत त्यासाठी लाल पुठ्ठ्याचं कार्ड असे, मधून फाडून दोन अर्धुकं करायची. एक खटक्यावर लटकवायचं, दुसरं काम करणाऱ्याच्या खिशात. दोन अर्धुकं एकमेकांना जुळली की मगच वीज. ही पद्धत सारांनी आमच्या ऑफिसात आणली, म्हणून ते एल.सी. सार. ज्या यंत्रावर काम चालू असेल त्यावर अर्धं लाल कार्ड लटकत असे. त्या यंत्राला कार्डवाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

"कंप्यूटरने माणूस मरतो काय सार?" मुरुगेसनने एकदा विचारलं. तो तमिळमध्ये विचारी, सार तमिळमध्येच उत्तर देत, पण गंभीर काही असलं की माझ्याकडे वळून मराठीत बोलत, जणू तमिळमध्ये ते पुरेसं पक्कं होणार नाही. "त्याला सांगा बाई, कोण मरेल तें आधीं माहीत असतें तर कार्ड कशाला लागतें?"

त्यांची आणखी एक खोड आम्हा सगळ्यांना लागली. कुठल्याही वस्तूला ते आधी उलट्या हाताने शिवत. दाराची कडी, कपाट, कॉफीचा डबरा-टंबलर म्हणजे वाटी-पेला, अगदी देवळातून आणलेलं प्रसादाचं ताट. बोटांच्या मागच्या बाजूने हळूच टेकायचं, आणि मग धरायचं. कारण विजेचा झटका बसला की हात आवळतो. तळहाताने शिवलात तर हात ती वस्तू घट्ट धरून बसतो आणि सोडत नाही. उलट्या हाताने शिवलात तर तोच झटका हात मागे ओढतो. हे कारण कळल्यावर आम्ही हसणं थांबवलं. पण सेल्वीने नाही. ती म्हणायची, "अक्का, सारांनी लग्नात मंगळसूत्राची ताली पण उलट्या हाताने बांधली असेल." सार म्हणत, "तशी बांधली असती तर आज सुखी असतों."

एंटरची कळ ते मधल्या बोटाच्या उलट्या पेराने दाबत. डावा हात खिशात, झटका छातीतून आरपार जाऊ नये म्हणून. पायात रबरी चपला. यंत्रांच्या खोलीत सगळ्यांनी चपला बाहेर काढायच्या असा मालकांचा नियम होता, धूळ नको म्हणून. सार रोज बाहेर चपला काढत, धुवून आणलेली दुसरी जोडी पिशवीतून काढत आणि ती घालून आत जात.

आता काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ते दिवस बाहेरची कामं यायला लागल्याचे होते. चेन्नईत मोठी येत, त्यांचे तुकडे आमच्यासारख्यांकडे. परदेशातल्या एका कंपनीने एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली होती. तिच्याबरोबर तपासणीचं एक साधन होतं. आपण लिहिलेला प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे त्या साधनाने बघायचं. पडद्यावर साधनाचं नाव टाइप करायचं आणि पुढे एक आडवी रेघ देऊन एकेक सूचना जोडायची: थोडक्यात सांग, सविस्तर सांग, पहिल्या चुकीला थांब, शंभर वेळा चालव. या सूचनांना फ्लॅग म्हणतात. प्रत्येक फ्लॅग काय करतो ते सोप्या इंग्रजीत लिहून पुस्तिका करायची, हे आमचं काम.

भाषा अजून बाजारात आलेली नव्हती, म्हणून कंपनीने स्वतःचं यंत्र सील करून पाठवलं होतं. त्यातल्या कशाचीही नक्कल करायची नाही, असा करार. त्यातलं काही हरवलं तर काम तिथेच बंद. आणि ते काम बंद म्हणजे तंजावरचं ऑफिस बंद, हे मालकांनी मला एकटीला फोनवर दोनदा सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याची नोकरी आदल्या वर्षीच गेली होती. घर माझ्या पगारावर होतं. त्यामुळे त्या यंत्राजवळून जाताना मी पदर आवरून जायची.

कंपनीच्या इंजिनिअरांनी प्रत्येक फ्लॅगसाठी एकेक ओळ लिहून दिली होती. मालकांच्या मते त्या ओळी लांबवल्या की पुस्तिका झाली. सारांना ते मान्य नव्हतं.

"ऐकलेलें लिहायला मी भाट आहे काय? चालवून बघितल्यावांचून एक अक्षर लिहिणार नाहीं."

मग प्रत्येक फ्लॅगची पूजा मांडल्यासारखी तयारी. यंत्रावर कार्ड. सारांनी फ्लॅग मोठ्याने वाचायचा, सेल्वीने पडद्याकडे बघून तो परत म्हणायचा, मग सारांचं उलटं बोट. एवढ्यावर भागत नसे. फ्लॅग एकटा चालवून झाला की दुसऱ्या प्रत्येक फ्लॅगबरोबर जोडीने चालवायचा. "एकेकटी सून शहाणी असते," सार म्हणत, "दोघी एका चुलीवर बसवा, मग कळतें." मुरुगेसन हिशोब करून सांगे की या गतीने पुस्तिका आपल्या नातवंडांच्या हातात पडेल. मालक फोनवर मला विचारत, म्हातारा करतो काय दिवसभर? मी सांगे, लिहितायत.

खरं सांगायचं तर ते दिवसभर घाबरत असत. आणि ती भीती हेच त्यांचं काम होतं. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाकीचे आपण भीती लपवतो. सार सकाळी आल्या आल्या ती बाहेर काढून टेबलावर ठेवत आणि तिच्याबरोबर कामाला बसत. एकदा व्हरांड्यात कॉफी पिताना मी विचारलं, गिरणीत कधी कोणी दगावलं होतं का? मला वाटलं, असणार. त्याशिवाय माणूस असा होत नाही.

"नाहीं," ते म्हणाले.

टंबलर खाली ठेवला. परत उलट्या हाताने शिवून उचलला.

"एकदां एकानें दुसऱ्याचें कार्ड, खालीं काढून ठेवलेल्या सदऱ्यांतलें, आणून दिलें. मुकादमच होता. चढलेला माणूस उतरला, म्हणाला. मी घेतलें. वीज सोडली. मग कळलें कीं काम पुरें जाहलेंच नव्हतें, वरचा माणूस नशिबानें त्याच वेळीं विडी ओढायला म्हणून उतरला होता. कोणाला कळवून नाहीं, विडीची तलफ आली म्हणून. कांहीं जाहलें नाहीं. कोणाला ओरखडा नाहीं. तो मला दुसऱ्या दिवशीं हसून नमस्कार करून गेला." मग म्हणाले, "मेला असता तर लोकांनीं मला शिक्षा केली असती. मी ती भोगून मोकळा जाहलों असतों."

मी कॉफी गार झाली म्हटलं आणि आत आले.

त्या सोमवारी हजेरी झाली आणि सारांनी जोडी लावली. एका फ्लॅगचं नाव क्लीन. इंजिनिअरांची ओळ: तपासणीआधी साधनाने केलेल्या तात्पुरत्या फायली काढून टाकतो. दुसऱ्याचं नाव रूट: त्या तात्पुरत्या फायली कुठे ठेवायच्या ती जागा सांगतो. दोन्ही आठवड्याभरापूर्वी एकेकटे चालवून झाले होते. दोन्ही शहाणे. आज एकत्र, आणि रूटपुढे जागेचं नाव न देता. कारण सारांच्या मते माणूस हमखास विसरतो ती हीच गोष्ट.

कार्ड फाडलं. एक अर्धुक यंत्रावर, एक त्यांच्या खिशात.

"डॅश क्लीन. डॅश रूट. पुढें रिकामें."

"डॅश क्लीन, डॅश रूट, पुढे रिकामं," सेल्वी म्हणाली.

उलटं बोट. पडदा शांत. ते साधन तसं सुस्तच होतं, कधी कधी तासभर घेई. सार उठले, म्हणाले, एसीचा त्रास होतो, जरा उन्हांत उभा राहतों. मी काही बिलं लावत होते. बाहेर धप्प आवाज आला. सार व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते, छातीवर हात, चेहरा राखेसारखा. मुरुगेसनने रिक्षा आणली. आम्ही दोघांनी त्यांना उचलून खाली नेऊन बसवलं, मुरुगेसन शेजारी बसला. रिक्षा सुटताना सारांनी बोट वर केलं. मला वाटलं, देवाकडे. ते वर, यंत्राच्या खोलीकडे होतं.

"कार्ड आहे," ते म्हणाले. "हात लावूं नका."

रिक्षा वळली, आणि वरून सेल्वीची हाक आली. "अय्यो अक्का, इकडे या. लौकर."

पडद्यावर ओळी धावत होत्या. प्रत्येक ओळीत एका फायलीचं नाव आणि पुढे एकच शब्द: काढली. काढली. काढली. आधी तात्पुरत्या फायली, लांबलचक आकड्यांची नावं. ते ठीक होतं. मग मला ओळखीचं एक नाव दिसलं. कंपनीने दिलेल्या उदाहरणांतलं. काढली. मग त्याच्या शेजारचं. जागा दिली नव्हती, म्हणून ते अख्खं यंत्रच तात्पुरतं धरत असावं. मग भाषेच्या आतल्या कामाचं काहीतरी, ज्याला आम्ही कधी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. काढली.

आम्ही दोघी तिथे उभ्या होतो, आणि आमचे दोघींचे हात पाठीमागे होते. कोणी सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांची सवय. समोर कार्ड लटकत होतं.

आज वाचणारा म्हणेल, बाई, दोन कळा दाबायच्या होत्या. कंट्रोल आणि सी. थांबलं असतं. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसातल्या बायकांनी दाबल्या असत्या. आमचं तसं नव्हतं. त्या कार्डापलीकडे खांबावर माणूस असतो हे आमच्या हाडात गेलं होतं. सेल्वी कुजबुजली, "अक्का, मधेच थांबवलं आणि त्याने आणखी बिघडलं तर?" मला तेच वाटत होतं. आणि दुसरंही वाटत होतं, की हे असंच सुरू राहिलं तर संध्याकाळपर्यंत माझा पगार, तिचा पगार, सगळं एकेका ओळीने काढली, काढली होत जाणार आहे.

मी मालकांना फोन केला नाही. ते ओरडले असते आणि ओरडणं ऐकत बसण्यात वेळ गेला असता. सेल्वीला म्हटलं, "तू इथून हलायचं नाही. कोणी आलं तरी हात लावू द्यायचा नाही. मी आले." मोपेड काढली आणि कालव्याच्या पुलावरून इस्पितळात.

त्यांना खाटेवर ठेवलं होतं, नाकाला नळी. मुरुगेसन पायाशी, तोंड उतरलेलं. परिचारिका म्हणाली, बोलू नका त्यांच्याशी. पण सारांनी मला पाहिलं आणि आधी माझे हात पाहिले.

"लावला?"

"नाही सार. पण ते सगळं काढतंय. फक्त तात्पुरतं नाही. सगळं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेले. मुरुगेसन म्हणाला, "सार, खाली काउंटरवर फोन आहे, सेल्वीला सांगतो बंद कर म्हणून, एक मिनिटात होईल."

"फोनवर नाहीं!" नळी हलली. परिचारिका धावत आली. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "फोनवर कार्ड जात नाहीं. बाई, इकडे या."

शर्टाच्या खिशातून त्यांनी अर्धुक काढायचा प्रयत्न केला. मी मदत करायला हात पुढे केला, तर मान हलवून नको म्हणाले. स्वतः काढलं.

"म्हणा. यंत्रावरचें काम."

"यंत्रावरचं काम."

"माझ्याकडून तुमच्याकडें."

"तुमच्याकडून माझ्याकडे."

"पुरें होईपर्यंत माझें."

मी अडखळले. त्यांनी अर्धुक सोडलं नाही.

"पुरं होईपर्यंत माझं," मी म्हटलं.

आणि त्यांनी ते अर्धुक माझ्या तळहातावर ठेवून वरून आपला तळहात दाबला. सुलटा हात. मी त्यांना कशालाही आधी सुलटा हात लावताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो हात बर्फासारखा होता.

परत येताना पुलावर लग्नाची वरात होती, नादस्वरम आणि सगळं. मी त्यातून मोपेड कशी काढली ते आठवत नाही. जिना चढले. सेल्वी तिथेच, हात मागे, गाल ओले. पडदा धावतच होता. मी अर्धुक समोर धरलं, दुसऱ्याच्या शेजारी, जुळतंय ना बघितलं. मग कमरेला खोचलं. दोन बोटं उलटी केली आणि दोन कळा दाबल्या.

थांबलं.

मालकांना फोन केला तेव्हा ते आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग नुसतेच ओरडले. त्या वेड्या म्हाताऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांग. कुलूप विकत घेऊन ठेव. कंपनीला कळवणं माझ्यावर टाकलं, कारण शिव्या खायला कोणीतरी हवं होतं. मी झालं ते, क्रमाने, काहीही न गाळता लिहून पाठवलं, कुठली जोडी, पुढे काय रिकामं, थांबवलं तोवर काय काय गेलं. उत्तर येईपर्यंतचे दिवस मी घरी कोणाशी नीट बोलले नाही. नवरा विचारी, काय झालं? मी म्हणे, डोकं दुखतंय. रोज सकाळी हजेरी मात्र घेत होते. हजर: सेल्वी, मुरुगेसन, मी. सार: इस्पितळात. यंत्र: अर्धं.

कंपनीच्या इंजिनिअरचा फोन आला. मी ओरडण्याची वाट बघत होते. त्याने ती जोडी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाला, हे दोन फ्लॅग आणखी कोणी एकत्र वापरल्याचं तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. मग विचारलं, तुम्ही हे कोणाला सांगितलं? तेव्हा मला कळलं की तिकडचा माणूस माझ्याहून जास्त घाबरलाय. काही गिऱ्हाइकांना भाषा आधीच वापरायला दिली होती, त्यांच्या खऱ्या यंत्रांवर. तो म्हणाला, आम्ही तुम्हाला नवी डिस्क पाठवतो, काम चालू ठेवा. फक्त पुस्तिकेत या जोडीचा उल्लेख नको. आम्ही यथावकाश दुरुस्त करू.

मालकांना हे कळलं तेव्हा त्यांनी बृहदीश्वराला अभिषेक बोलला. "काम राहिलं! उल्लेख नको म्हणतात ना, नको! तुझं काय जातंय?"

माझं काही जात नव्हतं. पगार राहत होता. मी खरंच सुटल्यासारखी होऊन सारांच्या घरी सांगायला गेले. ते आता घरी आले होते, ओट्यावर वेताच्या खुर्चीत. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पिठलं-भात वाढून बसवलं. ऐकून घेतलं सारांनी सगळं.

"मग माझें नांव काढा पुस्तकांतून," ते म्हणाले.

"सार, ऑफिस वाचलंय."

"वाचूं द्या. आनंद आहे. माझें नांव काढा. आणि तुमच्याकडें अर्धें कार्ड आहे, तें विसरूं नका. काम तुमचें आहे, माझें नाहीं."

मला राग आला. मी भातात पिठलं कालवत राहिले. काकी मधे पडल्या, "दुखण्यांतून उठला नाहींत, त्या पोरीला कशाला छळतां? तिला घर नाहीं?"

"तिला घर आहे म्हणूनच," ते म्हणाले. "कोठल्या तरी गांवांत कोणी तरी बाई त्या यंत्रासमोर बसली असेल, तिलाही घर आहे. ती पुढें कांहीं लिहायला विसरेल. मी विसरलों असतों. कांहीं होणार नाहीं कदाचित. कांहीं जाहलें नाहीं म्हणून ती हसत घरीं जाईल. एकदां. दोनदां."

पडद्यावरच्या त्या ओळी मला दिसत होत्या, आणि आता त्यांच्यासमोर सेल्वी नव्हती, कोणी अनोळखी बाई होती, आणि तिला हात मागे बांधायला कोणी शिकवलं नव्हतं.

मग सारांनी विचारलं, "चांचणी पुरी जाहली काय?"

"कुठली?"

"त्या जोडीची."

"मी मधेच थांबवली."

"मग पुरी नाहीं."

"नाही."

"गिरणींत पुरी न जाहलेल्या चांचणीला आम्ही काय लिहीत होतों, तें तुम्हांला शंभरदां सांगितलें आहे."

सांगितलं होतं. चाचणी बाकी, तोवर वापर बंद. मी पिठलं संपवलं, हात धुतले आणि ऑफिसात आले. मालकांना विचारलं नाही. इंजिनिअरला सरळ फोन लावला. माझं इंग्रजी सारांइतकं चांगलं नाही, म्हणून वाक्यं आधी कागदावर लिहून घेतली होती. मी म्हटलं, तुमच्या साधनात दोष आहे असं आम्ही लिहिणार नाही. आम्हाला ते ठाऊकच नाही, कारण आमची चाचणी अर्धवट राहिली आहे. तेवढंच लिहू. ते नको असेल तर चाचणी पुरी करायला दुसरं यंत्र पाठवा, आणि त्यावरचं सगळं पुसलं गेलं तरी चालेल असं सही करून पाठवा. दोन्हीपैकी एक.

त्याने एक मिनिट म्हणून फोन बाजूला ठेवला. त्या वेळात मी मनात कुलूप विकत घेतलं, मोपेड विकली आणि मुलीची शाळा बदलली. मग तो म्हणाला, ओळ वाचून दाखवा. मी वाचली. म्हणाला, राहू दे ती ओळ.

म्हणून त्या पुस्तिकेत, क्लीन फ्लॅगच्या पानावर, चौकटीत एक ओळ छापली आहे: हा फ्लॅग रूट फ्लॅगबरोबर वापरण्याची चाचणी पूर्ण झालेली नाही, ती पूर्ण होईपर्यंत दोन्ही एकत्र वापरू नयेत. सारांचं नाव पुस्तिकेत राहिलं. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले, मग विसरले.

सार नंतर काही दिवस आले, रबरी चपलांची पिशवी घेऊन. पुस्तिका झाल्यावर कंपनीने आपलं यंत्र परत मागवलं. कुरियरचा माणूस खोक्यात भरताना म्हणाला, हे लाल पुठ्ठ्याचं काय लटकतंय, काढू? सार खुर्चीतून उठू लागले. मी म्हटलं, "काढू नका. ते तसंच जाऊ द्या." सार परत बसले. त्यांनी मला शाबासकी वगैरे दिली नाही. पंख्याच्या बटणाला उलटा हात लावून पंखा वाढवला.

मग तंजावरचं ऑफिस खरंच बंद झालं, वेगळ्याच कारणाने. सेल्वी लग्न होऊन कुंभकोणमला गेली. मुरुगेसन बंगळूरला, त्याच भाषेच्या कामावर. सार एका आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, गेले, झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा काकी म्हणाल्या, "शेवटच्या आठवड्यांत दोनदां विचारलें त्यांनीं, बाईनें कार्ड परत दिलें काय म्हणून. मी म्हटलें, नाहीं दिलें. तर म्हणाले, बरें. आणि पाठ फिरवून झोपले. काय होतें हो तें कार्ड? मोलाचें होतें?"

मी म्हटलं, पुठ्ठा होता.

पुस्तिकेतली ती चौकट पुढच्या आवृत्त्यांतही तशीच छापली गेली असं मुरुगेसन कळवतो. कंपनीत नवी माणसं येतात, ती चौकट बघतात, ही चाचणी पुरी कधी झाली असं विचारतात, आणि कोणालाच माहीत नसल्यामुळे चौकट राहू देतात. मी कामाचं माणूस आहे. अर्धवट गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. दर वर्षी नवी वही सुरू करताना जुन्या वहीतली उरलेली कामं उतरवून घेते, आणि एकेक करून खोडते. हे एक खोडत नाही. कपाटात, रेशन कार्डाखाली, लाल पुठ्ठ्याचं अर्धुक आहे. कपाट उघडताना कडीला आधी उलटा हात लावते, मग आत बघते. आहे.

हजर: मी. चाचणी: बाकी.